तेलाचा माग

अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्रात, तेल नसते. त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, चुंबक असतात, बेअरिंगमध्ये चिमूटभर ग्रीस असते. पण वाहू शकेल, गळू शकेल असे तेल त्यात कुठेही नसते. त्यामुळे माझ्या विमानाच्या इंजिनामागे बसवलेल्या छोट्या अल्टरनेटरच्या बुडाशी काळपट तेलाचा थेंब लोंबताना दिसला, तेव्हा एवढे तरी उघड होते की जी वस्तू ओली दिसते आहे तिचा यात दोष असण्याची शक्यता फार थोडी. तरीही आजूबाजूच्या हँगरमधून डोकावून जाणारा प्रत्येक जण ‘अल्टरनेटर गळतोय, बदलून टाक’ असेच सांगत राहिला. विमानतळावर फुकटच्या सल्ल्याचा तुटवडा कधीच नसतो, आणि बहुतेक सल्ले सुटा भाग विकत घेण्याकडे झुकलेले असतात.

विमान आहे व्हॅन्स एअरक्राफ्टचे आरव्ही-७. शेजारी शेजारी दोन आसने, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचे शरीर, आणि नाकात लायकमिंगचे ओ-३६० इंजिन, म्हणजे समोरासमोर आडवे बसवलेले चार सिलिंडर, ३६१ घन इंच आकारमान आणि १८० अश्वशक्ती. या घराण्यातल्या पहिल्या इंजिनाला १९५५ साली प्रमाणपत्र मिळाले आणि त्याची मूळ मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. ऑरेगन राज्यातली व्हॅन्स कंपनी मुख्यतः तयार विमान नव्हे, विमानाचे सुटे भाग विकते. अशा भागांतून अकरा हजारांहून अधिक आरव्ही विमाने लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये जोडून आकाशात नेली आहेत. त्यांतले एक मी ओहायोमध्ये जोडले. पत्रे, रिव्हेट, वायरिंग, इंधनाच्या नळ्या हे सगळे माझ्या हातून गेले आहे आणि त्यातले काही बिघडले तर कुठे बघायचे हे मला डोळे मिटून सांगता येते. इंजिन मात्र पेटीतून आले. त्याच्या आत काय आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होते, हाताला ठाऊक नव्हते, आणि ही गळती नेमकी त्या सीमेवर होती.

अमेरिकेत अशा विमानांसाठी ‘एक्स्पेरिमेंटल, अ‍ॅमॅच्युअर-बिल्ट’ असा स्वतंत्र वर्ग आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेले असले पाहिजे, एवढी त्याची मुख्य अट. विमान पूर्ण झाल्यावर ते बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरता ‘रिपेअरमन’चा दाखला मिळू शकतो आणि दरवर्षीची तपासणी करून तो स्वतः सही करू शकतो. गावाकडचे नातेवाईक हे ऐकून विचारतात की असे आपल्याकडे का नाही. तेव्हा मी त्यांना कॅप्टन अमोल यादव यांची आठवण करून देतो. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांपुढे ठेवले, आणि त्याची नोंदणी व्हायला २०१७चा नोव्हेंबर उजाडला. गच्चीवर विमान बांधण्याइतकेच कष्ट त्यांना कागद हलवायला पडले असावेत असे मला नेहमी वाटते. माझ्या वाट्याला ते कष्ट आले नाहीत. पण सही करण्याचा अधिकार हाती असला की एक अडचण आपोआप येते. तुमच्या निदानावर शंका घेणारा दुसरा माणूस कायद्याने आवश्यक राहत नाही. ती शंका तुम्हालाच घ्यावी लागते.

इंजिनाच्या मागे अल्टरनेटर का, हे आधी सांगायला हवे. नेहमीचा मोठा अल्टरनेटर पुढे पंख्यामागे (प्रोपेलरमागे) असतो आणि पट्ट्यावर फिरतो. इंजिनाच्या मागच्या अंगाला, ज्याला अ‍ॅक्सेसरी केस म्हणतात तिथे, दातेरी चाकांवर चालणाऱ्या काही जागा असतात: दोन मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे), इंधनाचा पंप आणि हवा शोषणारा व्हॅक्यूम पंप. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक ही उपकरणे हवेच्या शोषणावर फिरत असत, तेव्हा त्या पंपाला मोठा मान होता. आता माझ्यासारख्यांच्या विमानात त्या उपकरणांऐवजी इलेक्ट्रॉनिक पडदे (स्क्रीन) असतात, शोषणाची गरज संपली, आणि ती जागा रिकामी राहू लागली. दुसरीकडे सगळे काही विजेवर अवलंबून झाले, म्हणून त्याच जागी राखीव अल्टरनेटर बसवण्याची पद्धत रूढ झाली. माझा कायमस्वरूपी चुंबकांचा आहे, ८ अँपिअरचा. १४ व्होल्टला जेमतेम ११० वॉट. मुख्य अल्टरनेटर बंद पडला तर एक पडदा, रेडिओ आणि रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपॉन्डर घरी पोहोचेपर्यंत चालावेत, इतकेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. त्या जागेचे दातेरी चाक क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, १.३ पट वेगाने फिरते, म्हणजे इंजिन २,४०० फेऱ्यांवर असताना अल्टरनेटर ३,१२० फेऱ्या घेतो.

आता तेलाचे. ज्या चाकावर हा अल्टरनेटर फिरतो ते चाक इंजिनाच्या आत तेलात न्हालेले असते. त्याचा दांडा एका अडॅप्टरमधून बाहेर येतो आणि बाहेर येण्याच्या तोंडाशी रबरी ओठाचे एक ऑइल सील त्याला मिठी मारून बसलेले असते. सीलच्या आत तेल, बाहेर कोरडी पोकळी, आणि त्या कोरड्या पोकळीवर अल्टरनेटर चार स्टडवर घट्ट केलेला. म्हणजे तेल बाहेर येण्याच्या जागा दोनच: अडॅप्टर आणि अ‍ॅक्सेसरी केस यांच्यामधले गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती), जे कायम ओले असते, किंवा ते सील. अल्टरनेटर आणि अडॅप्टर यांच्यामध्येही एक गॅस्केट आहे, पण सील शाबूत असेल तर त्या गॅस्केटपर्यंत तेल पोहोचतच नाही. ही साधी गोष्ट कागदावर चित्र काढल्याशिवाय माझ्या ध्यानात येत नव्हती, आणि ध्यानात आल्यावर बाहेरचे गॅस्केट बदलून मोकळे होण्याचा सोपा मार्ग आपोआप बंद झाला. ते ओले झाले असेल, तर सील आधीच हरलेले असणार.

शिवाय तेल जिथे दिसते तिथूनच ते येते असे समजण्याला विमानात फारसा आधार नसतो. काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत हवा पुढच्या दोन तोंडांतून शिरते, सिलिंडरांच्या वर दाटते, त्यांच्या अंगावरच्या पात्यांसारख्या बारीक फिन्समधून खाली उतरते आणि मागच्या तळाच्या फटीतून बाहेर पडते. इंजिनावर कुठेही तेल सुटले तरी ही हवा त्याला खाली आणि मागे ढकलत नेते, आणि मागे, खाली, सगळ्यांच्या वाटेवर अल्टरनेटर बसलेला असतो. कोकणातल्या कौलारू घरात ज्या जागी पाणी ठिबकते तिच्या बरोबर वरचे कौल क्वचितच फुटलेले असते. वासा धरून पाणी हातभर चालत येते आणि मग खाली पडते. त्यात तेलाची आणखी एक खोड म्हणजे ते आहे त्याहून फार जास्त दिसते. हिशोब करून पाहावा: दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे तेल, दहा मायक्रॉन जाडीचा थर होऊन पसरले तर एक चौरस मीटर पत्रा काळा करते. विमानाचे पोट माखलेले पाहून पोटात गोळा येतो, आणि तेलाची कांडी पाहिली तर पातळी जवळपास होती तिथेच असते.

याचा अर्थ दुर्लक्ष करावे असा नाही. ठिबकणाऱ्या जागेपासून वीतभर अंतरावर एक्झॉस्टचा पाइप आहे आणि त्यातून सातशे अंश सेल्सिअसच्या आसपासचे वायू जातात. तेल रबरी नळ्यांना फुगवते, वायरींच्या आवरणावर धूळ धरून ठेवते, आणि मुख्य म्हणजे उद्या दुसरीकडे खरोखर धोकादायक गळती सुरू झाली तर ती या जुन्या काळपट थराखाली दिसणारच नाही. गळतीचे दोन स्वभाव असतात. तेलाचा पंप ज्या नळ्यांत दाब देतो, ऑइल कूलरच्या नळीत किंवा प्रेशर सेन्सरच्या जोडात, तिथली गळती दर चौरस इंचाला सत्तर-ऐंशी पाउंडांनी बाहेर फेकली जाते आणि काही मिनिटांत इंजिन कोरडे करू शकते. सील, गॅस्केट, सिलिंडरच्या डोक्यावरची झाकणे या ठिकाणी दाब नसतो. तिथे फक्त शिंतोडे असतात, आणि तेल सावकाश पाझरते. कोणती गळती आहे हे कळेपर्यंत विमान जमिनीवरच ठेवायचे, एवढा निर्णय पहिल्याच दिवशी घेतला.

दुसरा निर्णय पाना हाती न घेण्याचा. ओला नट दिसला की तो अर्धा फेरा आवळण्याची इच्छा फार प्रबळ असते आणि तिला विरोध करणे अवघड जाते, कारण आवळणे हे काहीतरी केल्यासारखे वाटते. पण एकदा चार नट आवळले आणि गळती थांबली, तर कशाने थांबली हे कळत नाही. आणि थांबली नाही, तर गॅस्केट चिरडून आणखी एक संशयित आपणच तयार केलेला असतो.

सुरुवात पुठ्ठ्याने केली. विमानाच्या नाकाखाली मोठ्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा पसरला, त्यावर चाकांच्या आणि काउलिंगच्या कडेच्या खुणा केल्या आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तो कोरडा होता. ही माहिती वाटते त्यापेक्षा मोलाची आहे. इंजिन थांबल्यावर तेल खालच्या सम्पमध्ये, म्हणजे तेल साठवणाऱ्या भांड्यात, उतरते आणि त्याची पातळी अल्टरनेटरच्या दांड्यापेक्षा बरीच खाली राहते. सम्पचा प्लग, सम्पचे गॅस्केट, सिलिंडरांच्या डोक्यांतून तेल परत आणणाऱ्या नळ्यांचे रबरी जोड, ही मंडळी गळत असतील तर इंजिन बंद असतानाही थोडेफार ठिबकायला हवे होते. पुठ्ठा कोरडा, म्हणजे गळती इंजिन फिरतानाचीच. संशयितांची अर्धी यादी एका पुठ्ठ्याने खोडून टाकली.

मग धुलाई. मिनरल स्पिरिट, बारीक ब्रश, खाली ट्रे, आणि मॅग्नेटो व विजेचे जोड प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले. वरपासून सुरुवात करून खाली यायचे, नाहीतर धुतलेले पुन्हा माखते. हे काम कंटाळवाणे आहे आणि निदानातला सर्वांत महत्त्वाचा भाग तेच आहे, असे माझे मत झाले आहे. ऑइल फिल्टरच्या अडॅप्टरखालच्या खोबणीत मागच्या वेळी फिल्टर बदलताना सांडलेले तेल अजून होते. इंजिन तापले की असे साचलेले तेल पातळ होऊन हळूहळू खाली उतरत राहते आणि अस्तित्वात नसलेल्या गळतीचा आभास निर्माण करते. ते कापसाच्या बोळ्याने टिपून काढले. तेल बदलून बरेच तास झाले होते आणि ते काळे पडले होते, हे एका अर्थी बरे झाले. ताजे विमानाचे तेल मधासारखे स्वच्छ असते आणि राखाडी धातूवर त्याची पातळ रेघ दिसता दिसत नाही.

काही जण तेलात चमकणारा रंग घालतात आणि अंधारात अतिनील दिव्याखाली बघतात. ती पद्धत उत्तम आहे, पण रंग विमानाच्या तेलासाठी मान्य असलेलाच हवा, आणि पहिल्या पायरीला इंजिनाच्या रक्तात काही मिसळू नये असे मला वाटले. मी पावडर वापरली. धातूतल्या भेगा शोधताना जो पांढरा डेव्हलपर फवारतात तो अ‍ॅक्सेसरी केसवर, अडॅप्टरवर आणि अल्टरनेटरवर फवारला. वाळल्यावर त्याचा खडूसारखा थर बसतो आणि त्याला तेलाचा स्पर्श होताच तिथे गडद डाग उमटतो. काउलिंग काढलेल्या इंजिनाला वाऱ्याचा मार्ग नसतो, म्हणून ते जमिनीवर फार वेळ चालवता येत नाही. सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस असली तरी दोनशेच्या जवळ काटा येऊ लागला की बंद करायचे ठरवले होते. शेजारच्या हँगरमधला मित्र कॉकपिटमध्ये बसला, चाकांना ओंडके लावले, आणि मी पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, एका बाजूने मागच्या जागेवर नजर ठेवून उभा राहिलो.

पहिल्या वेळी काहीच दिसले नाही. इंजिन गार करून, फेऱ्या थोड्या वाढवून पुन्हा चालवल्यावर पावडरीवर खूण आली. मॅग्नेटोंच्या बुडाशी पांढरे, फिल्टरखाली पांढरे, अडॅप्टर आणि केस यांच्या सांध्याभोवती सगळीकडे पांढरे. डाग होता तो अल्टरनेटर जिथे अडॅप्टरला टेकतो त्या सांध्याच्या सर्वांत खालच्या बिंदूवर, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि तिथून एक केसासारखी रेघ अल्टरनेटरच्या अंगावरून खाली निघालेली. वरून काहीही आलेले नव्हते. आतल्या ओल्या गॅस्केटचा सांधाही कोरडा होता. म्हणजे तेल दांड्याबरोबर सीलमधून पोकळीत येत होते, पोकळीच्या तळाशी साचत होते आणि बाहेरच्या गॅस्केटमधून वाट काढत होते.

इथे थांबून एक प्रश्न विचारणे आवश्यक होते: सील गेले आहे, की सीलला कोणी ढकलत आहे? पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर जातो. रिंगा झिजल्या असतील किंवा ब्रीदर कचऱ्याने, हिवाळ्यात बर्फाने, तुंबला असेल, तर क्रँककेसमधला दाब वाढतो आणि तो सर्वांत दुबळ्या सीलमधून तेल बाहेर लोटतो. पंख्यामागचे नाकातले मोठे सील अशा दाबाने निसटून आल्याची उदाहरणे आहेत. तसे असेल तर नवे सीलही काही तासांत गळू लागेल आणि मी तेच सील पुन्हा पुन्हा बदलत बसेन.

तो दाब मोजायला एक जुनी, गमतीदार युक्ती आहे. विमानाचा वेगमापक हा मुळात दाबमापक असतो. समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून तो आकड्यांच्या तबकडीवर वेग म्हणून दाखवतो. तेलाची कांडी काढून तिच्या नळीच्या तोंडावर बूच बसवले, बुचातून पारदर्शक नळी काढली आणि तिचे दुसरे टोक एका जुन्या वेगमापकाला जोडले, की तो क्रँककेसचा दाब सांगू लागतो. तबकडीवरचे ताशी ९० मैल म्हणजे जवळजवळ चार इंच पाण्याचा दाब, ४० मैल म्हणजे पाऊण इंचाहून किंचित जास्त. माझ्या इंजिनाने चाळिशीच्या अलीकडेच काटा धरून ठेवला. मित्राने आतून ओरडून विचारले की इंजिन किती वेगाने उडते आहे, आणि मी चाळीस म्हटल्यावर तो हसला. ब्रीदरची नळी मोकळी होती. मागच्या तपासणीत चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन ८० पाउंडांच्या दाबाला पंचाहत्तरच्या पुढे होते, त्याचाही मेळ बसला. दाब निर्दोष सुटला, उरले सील.

एवढे झाल्यावर पाना हातात घेतला. अल्टरनेटर चार नटांनी धरलेला असतो आणि त्यांतले खालचे दोन कधीच दिसत नाहीत; ते फक्त बोटांना कळतात. इंजिनाची मागची बाजू आणि फायरवॉलचा, म्हणजे इंजिन व कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीचा, स्टेनलेस पत्रा यांच्या मधल्या जागेत नळ्या, वायरी आणि इंजिन माउंटचे पाइप यांची इतकी दाटी असते की साधा पाना आत जातो पण फिरत नाही. यासाठी मान वाकवून पातळ केलेला खास पाना मिळतो. तो एका खेपेला नट षटकोनाच्या एका बाजूइतका फिरवतो. मग काढायचा, उलटा करायचा, पुन्हा लावायचा. शिवाय नट पूर्ण सुटण्याआधीच अल्टरनेटरच्या अंगाला अडतो, म्हणून चारही नट थोडे थोडे ढिले करत अल्टरनेटर मागे सरकवत न्यावा लागतो. या कामात घाई करणाऱ्याचा एक तरी वॉशर काउलिंगच्या खोलात हरवतो, म्हणून खाली आधीच फडके अंथरले होते.

अल्टरनेटर हातात आला तेव्हा पोकळीच्या तळाशी तेलाचे छोटे तळे होते. कडेचा वरचा भाग कोरडा, फक्त खाली काळी चंद्रकोर. विजेरी तिरकी धरून सीलकडे पाहिले. रबराचा ओठ दांड्याला टेकलेला होता, पण त्याची कडा तकतकीत आणि सपाट झालेली, आणि लाकडी काडीने हलकेच दाबल्यावर ती लवचीक रबरासारखी परत न येता वाळलेल्या चामड्यासारखी तशीच राहिली. गळतीचे कारण माझ्यासमोर होते. तरीही नवे सील मागवण्याआधी मी कोल्हापूरला मामांना फोन केला. मामांनी उद्यमनगरात चाळीसेक वर्षे लेथ चालवला आणि पंपांचे दांडे कातले. विमान त्यांनी फक्त खिडकीतून पाहिलेले आहे. मी सगळे सांगितल्यावर ते म्हणाले, “आरं, सील सीलच करतोयस. दांड्याचं काय? सील बसतंय तिथं नख फिरव. नख अडलं तर नवं सील घालून बी उपयोग न्हाई, म्हैन्याभरात परत गळंल.”

जुने सील काढल्याशिवाय तो भाग नीट दिसणार नव्हता. काढण्यापूर्वी ते किती खोल बसले आहे हे व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजून वहीत लिहिले. सीलच्या पत्र्याला भोक पाडून त्यात स्क्रू फिरवून ओढण्याची पद्धत आहे, पण त्यात ड्रिलचा एखादा कीस इंजिनात पडण्याचा धोका असतो आणि तो कीस शेवटी कुठे जाईल याची शाश्वती नाही. मी आकड्याने काढले, वेळ लागला, पण आत काही पडले नाही. मग दांडा स्वच्छ पुसून, चष्मा कपाळावर सरकवून, नख फिरवले. डोळ्यांना एक चकचकीत वर्तुळ दिसत होते, जिथे ओठ घासत होता. नखाला मात्र काहीच लागले नाही. बाजूला सरकवून पुन्हा फिरवले, तरी नाही. दांड्याचे बेअरिंग ढिले आहे का हे पाहण्यासाठी तो वर-खाली हलवून पाहिला आणि अल्टरनेटरच्या बाजूचे दातेही तपासले; झिजलेले दाते दांड्याला एका अंगाला ओढतात आणि सील अर्धवट खातात. दोन्हीकडे तक्रारीला जागा नव्हती. मामांना कळवल्यावर त्यांनी ‘मग घाल’ एवढेच म्हटले.

सील का कडक झाले याचे उत्तर मला पटण्याजोगे सापडले आहे. घरी विमान बांधणाऱ्यांची इंजिने बहुधा विमानाच्या कितीतरी आधी येतात. कधी चांगला भाव मिळतो, कधी काउलिंग जुळवायला इंजिन समोर असावे लागते, आणि मग रंगकाम, वायरिंग, नोकरी, मुलांच्या शाळा यांत वर्षे जातात. इंजिनाच्या आत गंजरोधक तेल घालून ठेवतात, त्याने पोलाद वाचते. पण नायट्राइल रबर वापरात असो वा पेटीत असो, आपल्या गतीने म्हातारे होत जाते. त्यात ही जागा एक्झॉस्टच्या शेजारची, आणि इंजिन थांबल्यावर तिथली हवा पळत नाही. यात कोणाचा हलगर्जीपणा शोधण्यात अर्थ नाही. विमान उडायला लागले तेव्हा ते सील तसे नवे राहिलेलेच नव्हते.

नवे सील इंजिनाच्या भागांच्या यादीतलेच घेतले. माझ्या वर्गाच्या विमानात कायदा मला यादीबाहेरचा भाग लावू देतो, आणि दुकानात त्याच मापाचे सील स्वस्तात मिळाले असते. पण रबर कोणते, तापमान किती सोसणार, ओठावरची गोल स्प्रिंग किती घट्ट, हे मापावरून कळत नाही. ओठाला इंजिनाचे तेल लावले, दांड्याच्या कडेने ओठ कापला जाऊ नये म्हणून पातळ प्लास्टिकची सुरळी करून दांड्यावर चढवली, आणि स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे, ठेवून सील पुढे सरकवले. बाहेरच्या व्यासाला बरोबर बसणारा एक मोठा सॉकेट शोधून त्यावर हलक्या हाताने ठोकत, दर ठोक्यानंतर चारही बाजूंनी खोली मोजत ते बसवले. जुन्यापेक्षा मिलिमीटरभर बाहेर ठेवले. वर्तुळ नखाला लागत नसले तरी नव्या ओठाला घासायला दांड्याचा अस्पर्श भाग मिळावा, हा त्यामागचा हेतू. सीलच्या घराची खोली तेवढी मोकळीक देते का हे आधी पाहून घेतले होते.

बाहेरचे गॅस्केट नवे, कोरडे बसवले. इथे सिलिकॉनचा लेप लावावा असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि मला त्यांचा राग येतो, कारण घट्ट केल्यावर तो लेप बाहेर जितका पिळून येतो तितकाच आतही जातो. आतला भाग दिसत नाही. तो तुकड्या-तुकड्यांनी सुटतो आणि तेलाच्या जाळीत किंवा अरुंद वाटेत जाऊन बसतो. गॅस्केटवर जे लावायला इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेले नाही ते लावू नये.

टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने आवळायचे याचा, प्रश्न उरला. अशा अडचणीच्या जागी टॉर्क रेंचला पुढे कावळ्याच्या पायाच्या आकाराचा जोड लावावा लागतो, आणि तो रेंचच्या सरळ रेषेत लावला तर दांडा लांब झाल्यामुळे नटावर प्रत्यक्ष बसणारा टॉर्क तबकडीपेक्षा जास्त होतो. जोड काटकोनात लावला तर लांबी बदलत नाही आणि आकडा दुरुस्त करावा लागत नाही. वरच्या दोन नटांना काटकोन जमला. खालच्या दोघांना जमेना, म्हणून तिथे गुणाकार-भागाकार करून कमी केलेला आकडा वापरला, आणि चारही नट कर्णांच्या जोडीने दोन टप्प्यांत घट्ट केले.

पुन्हा पावडर, पुन्हा इंजिन. पांढरा थर पांढराच राहिला. काउलिंग चढवून विमानतळाच्या घिरट्या घातल्या, उतरून काउलिंग काढले, तरी पांढराच. मग खऱ्या उड्डाणात, पुरेशा उंचीवर, मुख्य अल्टरनेटर बंद करून राखीव चालू केला. व्होल्टेज १४ वर टिकले आणि त्याचे ८ अँपिअर त्याने निमूटपणे दिले. चार चमचे तेल अंगावर घेतल्याचा त्याच्यावर काही परिणाम झालेला नव्हता. ‘बदलून टाक’ म्हणणाऱ्यांना मी तो आकडा आवर्जून सांगितला. लॉगबुकमध्ये तारीख, टॅकोमीटरचे तास, सीलचा आणि गॅस्केटचा भाग क्रमांक, टॉर्क, आणि क्रँककेसच्या दाबाचे वाचन लिहून खाली सही व दाखल्याचा क्रमांक टाकला. दाबाचे वाचन लिहिण्याची सक्ती नाही. पण पुढे कधी पुन्हा तेल दिसले तर तुलनेला काहीतरी हवे.

पोटावर अजूनही एक फिकट तपकिरी रेघ येते. ती ब्रीदरची, एक्झॉस्टच्या पाइपवर टपकून अर्धी जळणारी, आणि कोणत्याही लायकमिंगखाली दिसणारी. ती पुसायची असते, दुरुस्त करायची नसते. पावडर मात्र मी मुद्दाम धुतली नाही, आणि तिच्यामुळे नवीनच गोष्ट कळली: उजवीकडच्या मागच्या, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या झाकणाखाली एक ओलसर कडा उमटली आहे. तिथे दाबाचे तेल नाही आणि थेंबही पडत नाही. वार्षिक तपासणीत झाकण निघणारच आहे, तेव्हा त्याचे गॅस्केट बदलेन. मागवून ठेवले आहे.